घरगुती ट्रेडमिलचा पट्टा : त्याचीं दुखणीं आणि उपचार

ट्रेडमिल घरांत येते त्या दिवशीं तिचें स्वागत मोठ्या थाटानें होतें. पहिल्या महिन्यांत घरांतील सारीं माणसें तिच्यावर पाळीपाळीनें चालतात. दुसऱ्या महिन्यांत एकदोघेंच चालतात. आणि पावसाळा लागला कीं तिच्या दांड्यांवर ओलीं पांघरुणें वाळूं लागतात. ही थट्टा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. परंतु कित्येक घरीं हें यंत्र खरोखरीच रोज वापरलें जातें. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या माणसास डॉक्टरांनीं रोज अर्धा तास चालावयास सांगितलेलें असतें, रस्त्यावर चिखल आणि वाहनांची गर्दी असते, आणि चालण्यास निर्धोक अशी तेवढी एकच जागा उरलेली असते. अशा घरीं यंत्राचा पट्टा बिघडला म्हणजे थट्टा संपते. पाऊल पडतांच पट्टा क्षणभर थबकतो, लगेच पुन्हा धांवूं लागतो, आणि चालणाराचा तोल जातो. तरुणास त्याचें कांहीं वाटणार नाहीं. साठी उलटलेल्या माणसास मात्र असा एक हिसका अंथरुणास खिळवावयास पुरेसा होतो. या हिसक्याचें कारण काय, तें घरच्या घरीं कसें ओळखावें आणि त्यावर उपाय कोणता, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों, कारण ती पुष्कळांच्या हातून होत असावी असा माझा समज आहे. आमच्या घरीं ट्रेडमिल आली ती आईसाठीं. दीड वर्ष यंत्र बिनतक्रार चाललें. मग एके दिवशीं आई म्हणाली, ‘अरे, हा पट्टा मधूनच अडतो रे.’ मीं पाहिलें तों पट्टा खरोखरीच घसरत होता. ज्या अर्थीं तो घसरतो त्या अर्थीं तो सैल झाला असला पाहिजे, असा सरळ तर्क करून मीं यंत्रासोबत मिळालेली किल्ली घेतली आणि मागचे दोन्ही बोल्ट आवळले. चार दिवस बरें वाटलें. पट्टा पुन्हा अडूं लागला. मीं पुन्हा आवळला. तिसऱ्या खेपेस आवळल्यानंतर आठवड्याच्या आंतच खोलींत जळका वास सुटला, यंत्र एकाएकीं थांबलें आणि आई पुढच्या दांडीवर आदळली. सुदैवानें दांडी हातांत सांपडली, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलें. दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें प्लग काढला, पट्ट्याची कड उचलून तळहात आंत घातला, आणि तो म्हणाला, ‘साहेब, पट्टा सैल नव्हताच, कोरडा आहे. कोरड्या पट्ट्याला तुम्ही फांस आवळीत बसलांत.’ मोटरीचा वेग सांभाळणारी विजेची पाटी जळून गेली होती. जेथें तेलाची एक कुपी पुरली असती, तेथें कित्येक हजार रुपये मोजावे लागले. पैशाचें दुःख लवकर ओसरलें. आईचा यंत्रावरचा विश्वास परत यावयास मात्र दोन महिने लागले.

ही चूक कां होते हें समजण्यासाठीं यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. यंत्राच्या पुढच्या टोकास, झांकणाखालीं, विजेची मोटर असते. तिच्या चाकावरून एक अरुंद, खांचांचा लहान पट्टा निघतो व तो पुढच्या रुळास फिरवितो. हा पुढचा रूळ आणि मागच्या टोकाचा दुसरा रूळ, या दोहोंवरून आपण ज्यावर चालतों तो रुंद पट्टा फिरत असतो. त्याच्या वरच्या अंगास खरखरीत थर व खालच्या अंगास विणलेलें कापड असतें. दोन रुळांच्या मध्यें, पट्ट्याच्या पोटाखालीं, एक गुळगुळीत फळी बसविलेली असते. पाऊल पडतें तें पट्ट्यावर; वजन पेलते ती ही फळी. चरख्याची माळ किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस यांत नवें असें फार वाटणार नाहीं. फरक एवढाच, कीं गिरणीचा पट्टा हवेंतून मोकळा धांवतो, आणि आपला पट्टा माणसाच्या वजनाखालीं फळीवर दाबला जाऊन धांवतो.

सारें मर्म या एका फरकांत आहे. ट्रेडमिलमध्यें दोन ठिकाणीं घर्षण होतें. पुढचा रूळ व पट्टा यांमधील घर्षण आपणांस हवें असतें, कारण त्याच्याच बळावर रूळ पट्ट्यास ओढतो. पट्टा व फळी यांमधील घर्षण नको असतें, कारण तें पट्ट्यास अडवून धरतें. जोंवर पहिलें दुसऱ्याहून अधिक आहे, तोंवर पट्टा सुरळीत चालतो. ज्या क्षणीं वजन पडून दुसरें वरचढ होतें, त्या क्षणीं रूळ फिरत राहतो आणि पट्टा जागींच थांबतो. म्हणजे घसरण्याचीं कारणें दोन : एक तर रुळाची पकड कमी झाली, म्हणजे पट्टा खरोखर सैल आहे, नाहीं तर फळीची ओढ वाढली, म्हणजे पट्टा कोरडा आहे. वरून पाहणारास दोहोंचें लक्षण एकच दिसतें. कोरडा पट्टा आवळला तर रुळाची पकड वाढते, म्हणून चार दिवस बरें वाटतें. परंतु फळीची ओढ तशीच राहते आणि दिवसेंदिवस वाढत जाते. पूर्वीं पट्टा घसरल्यानें मोटरीस जी सुटका मिळत असे, तीही आतां मिळत नाहीं. सारा भार मोटरीवर आणि तिला वीज पुरविणाऱ्या पाटीवर पडतो, रुळांचीं बेअरिंगें दाबलीं जातात, आणि पट्टा ताणला जाऊन कायमचा लांबतो.

ट्रेडमिल हें नांव मूळचें तुरुंगांतलें आहे. १८१८ सालीं विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानें कैद्यांसाठीं पायऱ्यांचें एक मोठें चाक योजिलें. कैदी त्या पायऱ्या चढत राहत आणि चाक फिरत राही. तें चाक जड झालें तर कैद्याच्या पोटऱ्यांना तत्काळ कळे. आपला पट्टा मोटर ओढते, आणि जडपणा सोसते तीही मोटरच. तिला वाचा नाहीं. म्हणून तिच्या वतीनें आपणच विचारपूस केली पाहिजे.

ही विचारपूस कानापासून सुरू करावी. वैद्य जशी नाडी पाहतो तसा यंत्राचा ताल ऐकावा. समजा, यंत्र ताशीं ५ किलोमीटर वेगानें चाललें आहे. या वेगास पट्टा दर सेकंदाला सुमारें १.४ मीटर सरकतो. घरगुती यंत्राच्या पट्ट्याची एकूण लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास धरली, तर त्याची एक पूर्ण फेरी दोन सेकंदांत होते. रूळ बारीक असतो. त्याचा व्यास साडेचार सेंटिमीटर धरला, तर तो सेकंदास सुमारें दहा फेरे घेतो. आपलें पाऊल सेकंदास दोनदांच्या सुमारास पडतें. हे तीन ताल वेगवेगळे आहेत, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे निदान सोपें होतें. हिसका पावलागणिक बसत असेल तर दोष सैलपणाचा किंवा कोरडेपणाचा आहे. कोणी न चढतां यंत्र चालविलें असतांही दर दोन सेकंदांनीं एकेक ‘थप्’ असा आवाज येत असेल, तर पट्ट्याचा जोड उचलला गेला आहे, किंवा पट्ट्याच्या पोटास कांहीं चिकटलें आहे. अखंड घरघर चालू असेल आणि वेग वाढवितांच तिचा सूर चढत असेल, तर रुळाचें बेअरिंग किंवा मोटर यांकडे लक्ष द्यावें. आणि एकाच अंगानें घांसल्याचा आवाज येत असेल, तर पट्टा त्या कडेस सरकला आहे असें समजावें.

कानानंतर हात. पण हात लावण्यापूर्वीं प्लग भिंतींतून काढावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. मग पट्ट्याची कड उचलून, जेथें पाऊल पडतें त्या मधल्या भागापर्यंत बोटें आंत घालावीं. स्पर्श किंचित् तेलकट व निसरडा लागला तर वंगण शिल्लक आहे. कोरडें कापड चोळल्यासारखें वाटलें तर पट्टा तहानलेला आहे. कडेच्या ओलाव्यावर विसंबूं नये. पुष्कळदां कडेला तेल असतें आणि मधोमध ठणठणाट असतो. आणखीही दोन खुणा आहेत. चालून उतरल्यावर लगेच, प्लग काढून, फळीस हात लावला तर ती नेहमींपेक्षां तापलेली लागते; आणि हलक्या माणसाखालीं सुरळीत चालणारें यंत्र जड माणूस चढतांच मंदावतें. या खुणा दिसल्या तर किल्लीस स्पर्शही न करतां तेलाची कुपी आणावी.

तेल कोणतें घालावें, यांतही घोटाळा होतो. ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठीं शुद्ध सिलिकोन तेल मिळतें, तेंच घालावें. खोबरेल, शिवणयंत्राचें तेल, मोटारीचें वंगण किंवा गंजलेले स्क्रू सोडविण्याचा फवारा यांपैकीं कांहींही घालूं नये. यांतील कांहीं पट्ट्याच्या थरास खातात, कांहीं धुळीचा चिखल करून फळीवर बसवितात. गिरणीवाले पट्टा घसरूं नये म्हणून त्यास राळ लावतात. तो प्रयोग तर येथें मुळींच करूं नये. कांहीं यंत्रांची फळी कारखान्यांतच मेण देऊन तयार केलेली असते व तींत वेगळें तेल घालूं नये अशी सूचना असते. म्हणून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका एकदां उघडून पाहावी. ती बहुधा कपाटाच्या तळाशीं असते.

तेल घालण्याची रीत अशी. प्लग काढावा. एका बाजूची कड उचलून, कुपीची नळी जितकी आंत जाईल तितकी घालून, पुढून मागें नागमोडी रेघ ओढावी. दुसऱ्या बाजूनेंही तसेंच करावें. सामान्यतः दोन्ही बाजूंस मिळून ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा लहान चमचे, पुरेसें होतें. पुस्तिकेंत वेगळें प्रमाण असेल तर तें प्रमाण मानावें. नंतर प्लग लावून, कोणी न चढतां, यंत्र ताशीं ३ किलोमीटर वेगानें पांच मिनिटें चालूं द्यावें, म्हणजे तेल सर्वत्र पसरतें. अधिक घातलें म्हणजे अधिक चांगलें, असा हिशेब येथें चालत नाहीं. जास्त झालेलें तेल रुळांवर जातें आणि जेथें पकड हवी तेथेंच निसरडें करतें. मग चांगला ताणलेला पट्टाही घसरूं लागतो.

तेल देऊनही पट्टा घसरत असेल, तर आतां सैलपणाचा संशय घ्यावयास हरकत नाहीं. त्याचीही परीक्षा आहे. प्लग काढून यंत्राच्या मध्यावर पट्ट्याची कड हातानें उचलावी. बहुतेक यंत्रांत ती ५ ते ८ सेंटिमीटर, म्हणजे दोन ते तीन इंच, वर येते. त्याहून पुष्कळ अधिक येत असेल तर पट्टा सैल आहे. बोटभरही उचलत नसेल तर तो आधींच फार आवळलेला आहे. सैल असल्यास मागच्या टोकाचे दोन्ही बोल्ट घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें पाव पाव फेरा फिरवावे. डाव्यास जेवढें दिलें तेवढेंच उजव्यास द्यावें, तिळभरही कमीअधिक नको. मग दांडी धरून सावकाश चालून पाहावें. गरज पडल्यास पुन्हा पाव फेरा. असें तीनचार वेळां करूनही घसरणें थांबलें नाहीं, तर किल्ली खालीं ठेवावी. दोष दुसरीकडे आहे.

तो कोठें आहे हें झांकण उघडून पाहावें लागतें, आणि तें काम जाणत्या कारागिराचें आहे, कारण तेथें वीज उघडी असते. तथापि तो काय पाहतो हें आपणांस ठाऊक असावें. पट्टा थांबला असतां पुढचा रूळ फिरतच राहिला, तर दोष रुंद पट्ट्याचा. रूळही थांबला पण मोटर फिरत राहिली, तर मोटर व रूळ यांमधील लहान पट्टा सैल किंवा झिजलेला. मोटरच मंदावली, तर फळीची ओढ, मोटर किंवा वीजपुरवठा. या तीन प्रश्नांचीं उत्तरें न देतां कोणी एकदम मोटर बदलण्याची भाषा करूं लागला, तर थोडें थांबावें.

आतां पट्टा एका कडेस सरकण्याचें दुखणें. येथेंही किल्ली शेवटीं. आधीं जमीन पाहावी. फरशी उंचसखल असली, किंवा यंत्राचा एक पाय चटईवर व एक फरशीवर असला, तर कितीही बोल्ट फिरविले तरी पट्टा पुन्हा सरकतो. गवंड्याची पाणसळ ठेवून यंत्र आडवें सम करून घ्यावें. मग नियम सोपा आहे : पट्टा ज्या बाजूस गेला असेल त्या बाजूचा बोल्ट पाव फेरा आवळावा. आवळलेल्या बाजूपासून पट्टा दूर जातो. पट्टा मुळांतच घट्ट असेल तर त्या बाजूचा आवळण्याऐवजीं विरुद्ध बाजूचा पाव फेरा सैल करावा. बोल्ट फिरवितांना यंत्र थांबलेलें असावें. नंतर कोणी न चढतां तें दोन मिनिटें चालवून दुरून पाहावें. पट्टा हळूहळू मध्यावर येतो, लगेच येत नाहीं. उतावीळपणें आणखी एक फेरा दिला तर तो दुसऱ्या कडेस जाऊन तेथें घांसूं लागतो, आणि कडेचे धागे एकदां सुटले म्हणजे ते पुन्हा जोडतां येत नाहींत.

कांहीं पट्टे मात्र उपचारापलीकडे गेलेले असतात. पोटाचें कापड कांचेसारखें चकचकीत झालें असेल, कडा वळल्या किंवा उसवल्या असतील, जोड सुटला असेल, तर तेल घालणें व्यर्थ आहे. नवा पट्टा घ्यावा. त्याच वेळीं फळीही तपासावी. तिचा गुळगुळीत थर झिजून आंतलें लांकूड दिसूं लागलें असेल, तर नवा पट्टाही थोड्याच दिवसांत खराब होईल. कांहीं फळ्या दोन्ही अंगांनीं गुळगुळीत असतात. त्या उलटून बसवितां येतात.

एवढें सांगितल्यावर एक गोष्ट गंभीरपणें सांगणें माझें कर्तव्य आहे. मागचा रूळ आणि पट्टा जेथें मिळतात ती यंत्राची सर्वांत धोक्याची जागा. पट्टा तेथें आंत ओढला जातो, आणि त्याच्याबरोबर बोट, ओढणी किंवा पदरही. अमेरिकेंत २०२१ सालीं एका कंपनीस आपलीं सुमारें सव्वा लाख यंत्रें परत बोलवावीं लागलीं, कारण मागच्या टोकाखालीं ओढलें जाऊन एका बालकाचा मृत्यु झाला होता व आणखी अनेक जण जखमी झाले होते. म्हणून यंत्र चालू असतांना मूल खोलींत नसावें. यंत्रामागें निदान दोन मीटर जागा मोकळी असावी, भिंत किंवा पलंग नसावा. दोरीची सुरक्षा-किल्ली रोज कपड्यास अडकवावी व काम झाल्यावर ती काढून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी. विजेसाठीं भूसंपर्क असलेला जाड तीन पिनांचा स्वतंत्र खटका असावा. पातळ तारेची लांब दोरी लावून यंत्र चालवूं नये.

निगा राखणें फारसें कष्टाचें नाहीं. यंत्र पावसाच्या झडीच्या सज्ज्यांत ठेवूं नये. ओलाव्यानें रूळ गंजतात आणि फळी फुगते. आठवड्यास एकदां खालची धूळ झाडावी, कारण तीच धूळ पट्ट्याबरोबर आंत जाऊन फळी घांसते. महिन्यास एकदां हात घालून कोरडेपणा पाहावा. रोजचा वापर असेल तर साधारण तीन महिन्यांनीं तेलाची गरज भासते. यंत्र कित्येक महिने बंद पडून राहिलें असेल, तर चढण्यापूर्वीं ही सारी परीक्षा नव्यानें करावी. दांड्यांवरचीं पांघरुणें काढलीं म्हणजे यंत्र तयार झालें, असें नाहीं.

आमच्या यंत्राच्या दांडीस आतां एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर तेल दिल्याच्या तारखा आहेत, आणि त्यांच्या खालीं आईच्या अक्षरांत एक ओळ आहे : ‘आधीं कान, मग हात, मग तेल, किल्ली सर्वांत शेवटीं.’ ती आतां रोज चालते. पण चढण्यापूर्वीं पट्ट्याकडे एकदां पाहून घेते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस मला हांक मारून कड उचलावयास लावते.